पाथरी ते ताडकळस, विनाप्रवासी

आधी फाईल दाखवते. त्या दिवशी ती कुणीच पाहिली नाही, निदान तुम्ही तरी पाहा.

निळी प्लास्टिकची फाईल, वर चेन, आत खिसे. पहिल्या खिशात गाडीचं आरसी. दुसऱ्यात फिटनेस, त्याची मुदत संपायला अकरा दिवस राहिलेले. तिसऱ्यात विमा. तो मी आदल्या आठवड्यात नवा काढला, कारण गाडी उभी राहिल्यापासून तो कुणी भरलाच नव्हता. चौथ्यात पीयूसी. आता पीयूसी काढायला गाडी रस्त्यावर न्यायला हवी, आणि पीयूसी असल्याशिवाय मी गाडी रस्त्यावर आणू देणार नव्हते. शेवटी पीयूसीवाल्याचीच व्हॅन शाळेच्या मैदानात बोलावली. तो बिचारा धुराची नळी लावताना सारखा माझ्याकडं वळून बघत होता. इतक्या वर्षांत त्याला असं घरपोच बोलावणारी मी पहिलीच, असं म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि पावती दोनदा वाचून घेतली. शेवटच्या खिशात विक्रीचे कागद आणि परमिट जमा केल्याची पोच. परमिट जमा, म्हणजे गाडी रिकामी न्यायची. प्रवासी एकही बसवायचा नाही.

गाडी म्हणजे पाथरीतल्या एका शाळेची बस. पिवळी, बत्तीस लहान शिटांची. शाळा बंद पडली आणि बस मैदानात वाळत राहिली. ती आम्ही घेतली, आतून घर करून घेण्यासाठी. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं त्यातच. पहिली सफर कुठं तेही ठरलेलं होतं, येलदरीला, धरणाच्या पाण्याकाठी.

तुम्ही म्हणाल, कागदांचा एवढा सोस कशाला. कागद करून देणारा एजंटही तेच म्हणाला. ताई, पाऊणशे किलोमीटरचा मामला, पहाटे काढा गाडी, कोण बघायलंय? मी म्हटलं, मी बघायले. बावीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होते. विनातिकीट माणसाला मी रानात उतरवलेलं आहे. त्यात एकदा माझा चुलत दीर होता, तो अजून आमच्याकडं जेवत नाही. पाथरीपासून आमच्या ताडकळसपर्यंत प्रत्येक फाट्यावर मला ओळखणारं कुणीतरी उभं असतं. माझी स्वतःची गाडी मी चोरासारखी पहाटे आणली असती, तर माझा दीर जेवायला आला असता, आणि हसत जेवला असता.

आणि ही एवढी फाईल जमवल्यावरही एक गोष्ट राहिलीच होती. ती कागदाची नव्हती, माझ्या नवऱ्याची होती.

आमचे हे ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे नोकरीला होते म्हणून नव्हे. घरात खुर्चीवर बसले तरी उजवा पाय पुढं ठेवून बसायचे. बरीच वर्षं आम्हाला एकाच गाडीवर ड्यूटी मिळायची. हे पुढं, मी मागं, मध्ये पन्नास माणसं. मी दोरी ओढून डबल बेल दिली की गाडी हलायची, सिंगल दिली की थांबायची. आमचा निम्मा संसार त्या दोरीवर झाला. एवढं फिरूनही आम्ही पाहिलं काय, तर बसस्थानकं. मराठवाड्यातल्या कुठल्याही स्थानकाची मुतारी मी डोळे बांधून वासावरून ओळखीन, पण त्या गावातलं देऊळ कुठं आहे ते मला विचारू नका.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, बोलणं अर्धं गेलं. पाय काठीवर चालण्याइतका परत आला. हात नुसता खांद्याला लटकलेला राहिला. मी नोकरी सोडली. हे भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडायला लागले आणि मी त्यांच्या पाठीशी बोलायला लागले. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याचं पान उलटायचं मी विसरले, आणि समोर पडून असलेल्या माणसानंही ते सांगितलं नाही. आमच्या घरात संक्रांतीलाही भाद्रपद चालू होता.

बायका भेटायला यायच्या. मी त्यांना किस्से सांगायचे, नकला करून दाखवायचे, त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. बाहेर पडल्यावर म्हणायच्या, लय धीराची हाय बाई. धीर वगैरे काही नव्हता. मला रडू येत नव्हतं आणि हसूही येत नव्हतं. हसवता मात्र येत होतं, ते हाताला सवयीचं होतं, नोटेची घडी बोटात धरावी तसं.

बसचं खूळ माझं. मोबाईलवर कुणीतरी जुन्या बसमध्ये ओटा बसवत होतं, ते बघता बघता मी यांच्या पाठीला म्हटलं, आपण बी एक बस घेऊ. त्यातच राहू, त्यातच फिरू. मला वाटलं नेहमीसारखं ते भिंतीलाच ऐकू जाईल. पण हे वळले. पूर्ण वळले, उजव्या हातानं डावा हात उचलून घेऊन वळले, आणि म्हणाले, "इंजिन कोणतं?"

त्यानंतर मी थांबलेच नाही. तीन ठिकाणी गाड्या पाहिल्या. पाहिल्या मी, यांनी ऐकल्या. बॉनेटजवळ स्टूल टाकायचं, यांना बसवायचं, गाडी चालू करायची. हे डोळे मिटून बसायचे. पहिल्या दोन गाड्यांना मान हलली ती नकाराची. पाथरीच्या गाडीपाशी दहा मिनिटं बसले आणि म्हणाले, "ही." तेवढ्या शब्दावर बस घेतली.

आणि हे धरून चालले की ती चालवत घरी आपणच आणणार.

ते कुणी बोललं नाही. पण मला दिसत होतं. आठ महिन्यांनी माणूस न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतो. रात्री पडल्या पडल्या उजवा पाय चादरीखाली हलतो, दाबतो, सोडतो. आदल्या दिवशी म्हणाले, खाकी शर्टाला इस्त्री कर. मी केली. खिशाला ड्रायव्हरचा बिल्ला लावला तोही मीच, कारण एका हातानं पिन लागत नव्हती.

सांगायला हवं होतं. हिवाळ्यात शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून हे दवाखान्यात गेले होते. येताना डावी पोटरी सायलेन्सरला टेकली, ती ताडकळस येईपर्यंत टेकलेलीच राहिली. संध्याकाळी मला पायजम्याला भोक दिसलं, मग आतला फोड दिसला. यांना काहीच कळलं नव्हतं. ज्या पायाला तापलेलं लोखंड कळत नाही त्याला क्लच काय कळणार. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, गाडी बंद. लायसनच्या कार्डावर मुदत अजून होती, पण नुसत्या मुदतीनं माणूस गाडी चालवायला लायक ठरत नाही, हे मला कळतं. यांनाही कळत असणार. पण मी म्हटलं नाही. चेहरा दिवसाला थोडा थोडा परत येत होता, त्याला हात लावायचा मला धीर झाला नाही. म्हणजे कायद्यानं गाडी घरी न्यायची तर ती आधी यांच्या हातून सोडवायची होती, आणि ते मी अगदी शाळेच्या फाटकापर्यंत पुढं ढकलत आणलं.

एप्रिलमधला रविवार. मी दुसरा ड्रायव्हर आधीच ठरवला होता. यांनीच तयार केलेला. आमच्या डेपोत काही वर्षं होता, आता परभणीत एका शाळेची बस चालवतो, म्हणजे अशा गाडीचं लायसन त्याच्याकडं रीतसर. यांना वस्ताद म्हणतो, मला वैनी. त्याला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की सोबतीला ये. वस्ताद असताना आपल्याला कशाला बोलावलं, हे त्यानंही विचारलं नाही. तिघंही आपापल्या जागी काहीतरी न विचारता पाथरीच्या मैदानात उभे होतो.

शाळा चालवणारे गुरुजी किल्ली द्यायला आले होते. त्यांनी बसला एक चक्कर मारली, चाकाला उगीच लाथ मारून पाहिली आणि मला म्हणाले, शिटांच्या पाठी एकदा वाचा, पोरांनी पंधरा वर्षं तिथंच अभ्यास केलाय. मी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. बाजूला शाळेचं नाव होतं, ते मी आदल्या दिवशी येऊन रंगानं बुजवलं होतं, मागच्या काचेवर शाळेची बस असं होतं त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. शाळेची नसलेली गाडी शाळेची म्हणून चालवायची नाही. गुरुजी त्या वर्तमानपत्राकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मग किल्ली पुढं केली. ती त्यांनी यांच्यापुढं केली, कारण खाकी शर्ट यांच्या अंगात होता.

यांनी किल्ली घेतली. ड्रायव्हरच्या दारापाशी गेले. काठी टायरला टेकवून ठेवली. उजव्या हातानं दांडा धरला आणि डावा पाय पायरीवर टाकायला उचलला. पाय उठला नाही. परत उचलला. चप्पल निघून खाली पडली.

मी चप्पल उचलली. माझ्या पिशवीत जुना तिकिटाचा पंच असतो, मशिनं आल्यापासून तो कामाचा नाही, पण मी टाकलेला नाही. तो काढला आणि बसच्या पत्र्यावर वाजवला. आणि मग मी नाटक केलं. मला दुसरं काही येत नाही. कमरेवर हात ठेवून डेपोतल्या साहेबाच्या आवाजात म्हटलं की ही गाडी माझ्या नावावर आहे, तेव्हा ड्यूट्या मी लावणार. कंडक्टर, मी स्वतः. ड्रायव्हर, असं म्हणून मी यांच्या चेल्याकडं पंच केला. गुरुजी हसले. चेला हसला नाही. त्याचं तोंड पडलं.

"आन् वस्ताद?" त्यानं विचारलं.

मी त्याचा विचारच केलेला नव्हता. म्हणजे यांना काय करायचं नाही ते मी आठ महिने ठरवत होते, काय करायचं ते एकदाही नाही. मी म्हटलं, वस्ताद बसतील. यांनी मूठ उघडली. चेल्यानं किल्ली उचलून घेतली, देवापुढची वस्तू उचलावी तशी. मी चप्पल यांच्या पायात घातली. हे माझ्याकडं बघत नव्हते, आणि खरं सांगते, मला काही वाटलं नाही. पायावर पाणी ओतावं आणि गार की गरम ते कळू नये, तसं.

हे पहिल्या शिटावर बसले. शीट दुसरी-तिसरीच्या पोरांचं. गुडघे छातीला लागत होते. समोर ड्रायव्हरच्या मागची फळी होती, त्यावर कर्कटकानं कोरलेलं होतं: खिडकी माझी हाय. पाथरी ते ताडकळस हे तेवढंच वाचत आले.

गाडी काही हलेना. इंजिन चालू, चेला समोर बघत बसलेला. मग माझ्या लक्षात आलं, तो डबल बेलची वाट बघतोय. या गाडीला दोरी नव्हती. मी पंचानं वरच्या दांड्यावर दोन ठोके दिले आणि आम्ही निघालो. लिंबं फुटल्याचा आवाज आला.

त्या गाडीला वेगाचं यंत्र बसवलेलं, पन्नासच्या पुढं जायला ती तयार नाही. सगळं जग आम्हाला मागं टाकून जात होतं. कडब्याचा ट्रॅक्टर गेला. त्यावर बसलेल्या बाईनं मला हात केला. आणि चेला, जो एरवी लोण्यासारखी गाडी चालवतो, तो त्या दिवशी गिअर टाकताना दात करकरल्यासारखे आवाज काढत होता. मागं वस्ताद बसलेले. प्रत्येक करकरीला तो आरशात बघायचा. वस्ताद फळी वाचत होते.

मानवतच्या अलीकडं रस्ता सरळ आणि मोकळा झाला, तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि उतरून माझ्या दाराशी आला. हळू बोलायला लागला, पण बस रिकामी होती, रिकाम्या बसमध्ये हळू असं काही नसतं.

"वैनी, दोन किलोमीटर वस्तादला घेऊ द्या. कोणबी न्हाई रस्त्यावर. मी बाजूला उभा राहतो, क्लच मी दाबतो लागलं तर."

आता तो काही वाईट माणूस नाही. उलट त्याच्या जागी आमच्या डेपोतला कुणीही हेच म्हणाला असता. वस्ताद मागं आणि आपण स्टिअरिंगवर, हे त्यांना सोसत नाही. कायदा मोडतोय असं त्याला वाटतच नव्हतं, मान राखतोय असं वाटत होतं. आणि मी दोन किलोमीटरचा हिशेब मनात करूनही पाहिला. फाईल मांडीवर होती. हिरवा विमा वरून दिसत होता.

मी म्हटलं, "न्हाई. यांना पाय कळत न्हाई."

एवढंच म्हटलं. पण मोठ्यानं म्हटलं, कारण यांना ऐकू जायला हवं होतं. मी पाठीला बोलून बोलून कंटाळले होते. हे वळले नाहीत. चेला मान खाली घालून आपल्या जागेवर जाऊन बसला. मी दोन ठोके दिले.

पुढच्या फाट्यावर डोक्यावर खोकं घेतलेली एक म्हातारी उभी होती. तिनं हात केला आणि चेल्यानं गाडी थांबवली. विचार करून नव्हे. हात दिसला की त्याचा पाय ब्रेकवर जातो, तेवढंच. मी काही म्हणायच्या आत ती वर. खोकं मिक्सरचं होतं, परभणीला दुरुस्तीला निघालेलं. ते तिनं एका शिटावर ठेवलं, दुसऱ्यावर स्वतः बसली.

मी तिला सांगितलं की मावशी, ही एसटी नाही. ती म्हणाली, ते दिसायलंय मला, शाळेची हाय, पण आज आयतवार हाय, पोरं न्हाईत, मग जागा हायच की. मी म्हटलं शाळेचीही नाही, हे आता आमचं घर आहे, यात आम्ही राहणार. तिनं बसभर नजर फिरवली, बत्तीस शिटं बघितली आणि म्हणाली, "लेकरं लय दिसतात तुमाला."

बावीस वर्षांत प्रवाशानं मला गप्प केलं असं दोनदाच झालं. हे दुसरं. तरी मी परमिटचं सांगितलं, ते जमा केलं आहे, कुणाला बसवता येत नाही. तर म्हणाली घर हाय म्हनता ना, मग मी पाव्हणी. पाव्हणीला तिकीट कशाला आन् परमिट कशाला. चहाबी न्हाई मागत. फाईल हातातच होती, ती मी तिच्यापुढं धरली. तिनं फाईलकडं बघितलंसुद्धा नाही. ती माझा नाद सोडून यांच्याकडं वळली. खाकी शर्ट, खिशाला बिल्ला.

"ओ डायवर, तुमी सांगा हिला."

इंजिन चालू होतं. चेल्यानं आरशात बघितलं. यांनी तोंड उघडलं, आधी नुसती हवा आली. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि त्या वेळात मी नेहमी मध्ये पडून त्यांचं वाक्य पुरं करते. त्या दिवशी मला मध्ये पडता आलं नाही.

"मी न्हाई," हे म्हणाले. मग उजवा हात उचलून समोर केला. "डायवर... तो."

म्हातारीनं चेल्याकडं बघितलं, परत यांच्याकडं. तिला त्यात विशेष काही वाटलं नसावं. सहज विचारलं तिनं, "आन् तुमी?"

यांनी परत फळीकडं तोंड केलं. हाच प्रश्न सकाळी चेल्यानं विचारला होता. म्हातारीला काय वाटलं कोण जाणे, बरं म्हणाली, खोकं उचललं आणि उतरायला लागली. मागून परभणीची एसटी येतच होती. मी स्वतः आडवी जाऊन ती थांबवली आणि मिक्सर वर चढवून दिला. तिथला कंडक्टर माझ्या ओळखीचा निघाला. म्हणाला, बाई, स्वतःच्या गाडीतून पॅसेंजर उतरवून आमच्यात बसवायलाव, बोनस मिळंल तुमाला. मी हसले, त्याला एक खुसखुशीत उत्तर दिलं, आणि परत बसमध्ये येऊन बसेपर्यंत ते उत्तर काय होतं हे मी विसरून गेले.

परभणीत शिरताना पोलीस दिसला तेव्हा मला बरं वाटलं. चला, निदान फाईल तरी. त्यानं हात केला, चेल्यानं गाडी बाजूला घेतली, मी चेन उघडून आरसी अर्धं बाहेर काढलेलं. पोलीस खिडकीपाशी आला, आतल्या रिकाम्या शिटांकडं बघितलं, मागचं वर्तमानपत्र फडफडतंय म्हणाला, आणि जा म्हणाला. मी म्हटलं साहेब, कागद बघा ना. कशाला मावशी, म्हणाला. मी म्हटलं सगळे आहेत. असतीलच की, म्हणाला, आणि पुढच्या रिक्षाकडं गेला. दोन महिने जमवलेले माझे कागद. मी ते वर्तमानपत्र तेवढं उतरून नीट चिकटवलं.

ताडकळसला पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. आमच्या घराला लागून मोकळी जागा आहे, तिथं बस उभी करायची. जागा गाडीपुरती आहे, गल्ली मात्र गाडीपुरती नाही. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब आणि त्याची ताणाची तार. वळवायला जागा नाही, म्हणजे पाठमोरी घालायची. एसटीत गाडी मागं घ्यायची असली की कंडक्टरनं खाली उतरून मागं उभं राहायचं असतं. मी शिट्टी घेऊन उतरले. तोवर अर्धी गल्ली बाहेर आली होती. प्रत्येकाला गाडी मागं घेता येत होती. कुणी येऊ द्या म्हणत होतं, कुणी डावीकडं काट म्हणत होतं, कुणी लय झालं म्हणत होतं. माझी शिट्टी त्यात कुणाला ऐकू जाणार. चेल्यानं दोनदा पुढं-मागं केलं आणि तिसऱ्यांदा गाडीचा मागचा कोपरा त्या तारेपाशी नेऊन ठेवला. मग त्यानं ब्रेक लावला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसून राहिला.

दार उघडलं. हे उतरायला लागले.

मदतीला कुणी गेलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं हे घरात चाललेत. मलाही तेच वाटलं. काठी आधी, मग उजवा पाय, मग हातानं उचलून डावा. घराकडं वळायचं सोडून हे बसच्या कडेकडेनं मागं यायला लागले, पत्र्याला खांदा लावून. मी उभी होते तिथपर्यंत आले. मला काठीनं बाजूला सारलं. मी उजव्या कोपऱ्यापाशी उभी होते, बावीस वर्षं तिथंच उभी राहत आले होते. हे डाव्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरला कुठला कोपरा दिसत नाही ते मला काय माहीत, मी कधी पुढं बसलेय?

उजव्या तळहातानं यांनी पत्र्यावर थाप दिली. दोन.

सगळी गल्ली बोलतच होती. पण आत चेल्यानं ती ऐकली. मला दिसलं नाही, पण कळलं, कारण गाडी एकदम दुसऱ्याच माणसाच्या हातात असल्यासारखी हलली. हळूच पुढं गेली, सरळ झाली, मागं यायला लागली. दोन थापा, येऊ दे. एक, थांब. हे पत्र्याबरोबर एक एक पाऊल मागं सरकत होते, काठी काखेत, डावा हात लोंबता. लोक एकेक करून गप्प झाले. करकर एकदाही झाली नाही. जागेच्या टोकाची भिंत यांच्या पाठीशी हातभर राहिली तरी यांनी दोनच थापा दिल्या. मी तोंडातली शिट्टी दातांत धरून उभी. मग बाजूला सरकत यांनी आणखी एकदा दोन दिल्या, आणि मग एक.

भिंत आणि बस यांच्यात चार बोटं जागा होती. अजून आहे, बस काढून परत लावली की मी मोजते.

चेला उतरून धावत मागं आला आणि यांच्यापुढं नुसता उभा राहिला. यांच्या तळहाताला पिवळा रंग लागला होता. हे धापा टाकत होते. मग माझ्याकडं हात केला.

"फाईल."

मला वाटलं विमा बघायचाय. चला, घरातल्याच माणसानं का होईना, कुणीतरी बघतंय, म्हणून मी कौतुकानं दिली. यांनी ती काखेत धरली, दातानं चेन ओढली. आरसीकडं बघितलं नाही, विम्याकडं बघितलं नाही. शर्टाच्या खिशात हात घातला, लायसनचं कार्ड काढलं आणि परमिटच्या पोचपावतीमागं सरकवलं. तोच खिसा, जमा केलेल्या कागदांचा. चेन लावायला मी हात पुढं केला तर फाईल घेऊ दिली नाही. दातानंच लावली.

मग चेल्याकडं वळून, शब्द जुळायला लागला तेवढा वेळ घेऊन, म्हणाले, "मानवतपासून... क्लचवर पाय ठेवून बसलास. प्लेट जळंल."

"व्हय वस्ताद," तो म्हणाला.

मी आत गेले आणि चहा टाकला. तीन कप, मग गल्ली आत यायला लागली म्हणून आणखी पाणी घातलं. बाहेर मी मिक्सरवाली म्हातारी करून दाखवली, पोलीस करून दाखवला, गल्ली खूप हसली. मला तेव्हाही काही वाटलं नाही. ते पुढं कधीतरी वाटलं, मंगळवारी की बुधवारी, कपडे वाळत घालताना. खाकी शर्ट पिळताना खिसा हाताला लागला. बिल्ला तसाच होता, तो यांनी काढू दिला नव्हता. मी तो शर्ट बराच वेळ पिळत राहिले.

त्या रविवारी संध्याकाळी आत आले तर हे खाटेवर बसलेले, भिंतीकडं तोंड करून. म्हटलं, परत भिंत. मग बघितलं तर कॅलेंडर खाली काढलेलं आणि मांडीवर घेतलेलं. एका हातानं भाद्रपदापासून एकेक पान उलटत होते, जुनं वर्ष संपेपर्यंत.

"शिटं कधी काढायची?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आधी आरटीओची परवानगी काढावी लागेल.